खव्याच्या गोदामातला मेपल

आमच्या घरात सलग तीन वर्षं नोव्हेंबर महिना होता. बुद्धगयेला जाऊन आलेल्या बाबांच्या एका मित्रानं तिथल्या जपानी विहारातलं कॅलेंडर आणून दिलं होतं. त्यातल्या नोव्हेंबरच्या पानावर लाकडी विहारासमोर उभं असलेलं एक बुटकं, लालभडक झाड होतं. पानं तान्ह्या बाळाच्या पंजाएवढी, बोटं फाकवलेली. बाबांनी ते पान पुढं उलटू दिलं नाही. आईला तारीख बघायची झाली की ती पदराला हात पुसत शेजारी जायची. शेजारीण विचारायची, "तुमच्याकडं हाय की कॅलिंडर?" आई म्हणायची, "हाय, पण ते जपानचं हाय. तिकडं अजून नोव्हेंबरच चालूय."

बाबा भूमच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. सगळं गाव त्यांना कंट्रोलर म्हणायचं. आमचं भाड्याचं दोन खोल्यांचं घर स्टँडच्या मागंच होतं, त्यामुळं बाबा घरात नसले तरी त्यांचा आवाज घरात असायचाच. परंड्याची गाडी फलाटाला लागल्याची घोषणा झाली की आई आमटीत येसर, म्हणजे भाजून दळलेलं धान्य-मसाल्याचं पीठ, घालायची, बार्शीची गाडी सुटली की पहिली भाकरी तव्यावर पडायची. बाबा घरी येऊन हात-पाय धुऊन पाटावर बसेपर्यंत येसराच्या आमटीवर लाल तवंग आलेला असायचा. ज्वारीची भाकरी चुरून ते आमटीत घालायचे आणि जेवतानासुद्धा घोषणेच्याच सुरात बोलायचे. "मीठ कमी आहे. मीठ घेऊन येणाऱ्यांनी कृपया लवकर यावं." मी हसायचे. आई हसायची नाही, पण मीठ द्यायची. आता माझ्या स्वयंपाकघरात घड्याळ आहे, शिट्ट्या मोजणारा कुकर आहे, तरी येसर नेमकं कधी घालावं हे मला अजून कळत नाही.

आमच्या घराण्यात कधी कुणाची जमीन नव्हती. आजोबांनी, आजीनं, त्यांच्याही आधीच्यांनी आयुष्यभर मातीतच काम केलं, पण माती दुसऱ्याची होती. बाबा घराण्यातले पहिले पगारदार. त्यांना शेत घ्यायची हौस नव्हती, तसं ते उघड म्हणायचे. त्यांना एक झाड हवं होतं, स्वतःचं, कुंडीत बसेल एवढं. आमच्याकडच्या कुठल्याही माणसाला असं वाटलं तर तो जास्वंद आणतो. बाबांना ते कॅलेंडरमधलंच हवं होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ते मला घेऊन पुण्याला गेले. मी तेव्हा बारावी शास्त्राला होते आणि मी तहसीलदार होणार हे बाबांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. शहराच्या बाहेर एक मोठी नर्सरी होती. तिथल्या मालकानं, एका पोटसुट्या शांत गृहस्थानं, आधी बाबांना बसवलं आणि विचारलं, "गाव कुठलं?" भूम म्हटल्यावर त्यानं डोकं हलवलं. "साहेब, हा जपानी मेपल, डोंगरातलं झाड आहे. थंडीत वाढणारं. तुमच्याकडं उन्हाळ्यात कावळासुद्धा सावली शोधतो. बोगनवेल न्या. दगडावर ठेवली तरी फुलते."

"बोगनवेल आहे गावात," बाबा म्हणाले. "सगळ्यांकडं आहे."

मग त्यानं आतल्या हिरव्या जाळीखालची तीन रोपं दाखवली. एक कमरेएवढं, लालेलाल, बघताक्षणी घ्यावंसं वाटणारं. दुसऱ्याची पानं बडीशेपेच्या पाल्यासारखी बारीक कातरलेली आणि खाली झुकलेली. तिसरं हातभर उंचीचं, थोडं वाकडं, मोजक्याच पानांचं. मी पहिल्याला हात लावला. बाबांनी तिन्ही रोपांची चौकशी सुरू केली, अगदी डेपोत गाडी तपासतात तशी. मुळं कुंडीत गोल फिरलीत का? पानांच्या कडा कशानं जळतात? कलम कुठं बांधलंय? नर्सरीवाला हळूहळू रंगात आला. बारीक पानाचं झाड गरम वाऱ्यात पहिल्यांदा मरतं, रुंद पानाचं जरा तग धरतं. मोठं रोप जागा बदलली की रुसतं, लहान लवकर रुळतं. त्यानं तिसऱ्या रोपाच्या बुडाशी चार बोटांवर असलेली गाठ दाखवली. "याच्या वरचं ते लाल झाड. खालचा खुंट, साधा, जंगली. गाठीच्या खालून फुटवा आला की लगेच खुडायचा. नाही तर खुंट सगळं खाऊन टाकतो."

बाबांनी तिसरं घेतलं. मग त्यानं वहीचं पान फाडून नियम लिहून दिले: सकाळचं ऊन नऊपर्यंत, नंतर सावली. खारं पाणी अजिबात नाही. पाणी तळाशी साचता कामा नये. फांदी मेली का जिवंत हे बघायला साल नखानं किंचित खरवडायची, खाली हिरवं दिसलं तर जिवंत. आणि शेवटी: वर्षातून दोन महिने कडक थंडी.

"कडक म्हणजे किती?" बाबांनी विचारलं.

"फ्रिजमध्ये असते तेवढी. झोपल्याशिवाय झाड नीट उठत नाही."

"ती कुठून आणायची?"

"ते मी कसं सांगणार? तुम्हीच म्हणालात, बोगनवेल नको."

परतीच्या गाडीत बाबांनी कुंडी मांडीवर घेतली होती. कंडक्टर ओळखीचा. तो म्हणाला, "कंट्रोलर साहेब, पोराचं तिकीट?" बाबांनी गंभीरपणे सांगितलं, "पाच वर्षांखालचं आहे."

त्यानंतर आमच्या घरात एक चौथा माणूस राहायला आला, आणि त्याच्या खाण्यापिण्याच्या आवडी आम्हा तिघांपेक्षा बऱ्या होत्या. बोअरचं पाणी खारं, त्यानं कुंडीच्या कडेला पांढरा थर धरला, म्हणून पावसाळ्यात भरलेली पाण्याची दोन पिंपं त्याच्यासाठी झाकून ठेवली गेली. पिंपं संपल्यावर गोड्या पाण्याचा जार येऊ लागला. आम्ही तेच बोअरचं पाणी उकळून, गाळून पीत होतो. उन्हाळ्यात आठवड्यानं टँकर यायचा, आई रांगेत घागर घेऊन उभी असायची आणि परत आली की ओसरीतल्या झाडाकडं बघून म्हणायची, "साहेबांचं झालं का पाणी? मग आमी पितो." पश्चिमेकडून झळा यायला लागल्या की बाबांनी ओसरीला बारदानाचा पडदा लावला आणि तो दिवसातून चारदा ओला करायचं काम माझ्याकडं आलं. मी भौतिकशास्त्राची प्रश्नपत्रिका सोडवताना एका हातात तांब्या असायचा. एवढं करून एप्रिलमध्ये पानांच्या कडा तपकिरी झाल्या, मेमध्ये पानं कागदासारखी वाजायला लागली. बाबा कामावर जाताना त्याच्याकडं बघायचे आणि दिवसभर स्टँडवर त्यांचा आवाज उतरलेला असायचा. आई म्हणायची, "आज गाड्या रडत सुटायल्यात."

पावसाळ्यात झाड सावरलं. थोडी नवी पानं आली, तीही लालच. दिवाळी झाली, कॉलेज पुन्हा सुरू झालं. बारावीत मला मार्क पडले होते ते तहसीलदारापुरते होते की नव्हते हे बाबांनी अजून जाहीर केलं नव्हतं, म्हणून मी गावातल्याच कॉलेजात बी. एस्सी.ला बसले होते. झाडाचा पहिला हिवाळा ओसरीतच निभावला होता, पण आता थंडीचा प्रश्न दारात येऊन उभा राहिला. आमच्या फ्रिजमध्ये कुंडी बसत नव्हती, बसली असती तर दूध बाहेर राहिलं असतं. बाबांनी बर्फाच्या लाद्यांचा विचार केला. मग एक दिवस त्यांना आप्पा आठवले.

आप्पा गावातले खव्याचे मोठे व्यापारी. आमच्या भागात खव्याच्या भट्ट्या दारोदार, पण आप्पांकडं खव्यासाठी बांधलेली थंड खोली होती. रोज सकाळी त्यांचे खव्याचे खोके एसटीनं बाहेरगावी जायचे आणि खोके यायला उशीर झाला तर बाबा गाडी दोन मिनिटं जास्त थांबवायचे. उपकार एवढाच. पण दोघांमध्ये दुसरंही काही होतं, ज्याबद्दल दोघंही कधी बोलले नव्हते. माझी आजी, गंगू, तिनं जन्मभर आप्पांच्या वडिलांच्या भट्टीला बाभळीच्या फाट्यांचे भारे पुरवले. भारा मागच्या दारी टाकायचा. भट्टीची पायरी चढायची नाही. सणासुदीला तिला खवा मिळायचा, पण पळसाच्या पानावर, वरून टाकलेला. बाबा लहान असताना तिच्याबरोबर जायचे. हे मला आईनं सांगितलं होतं. बाबांनी कधी नाही.

तर बाबांनी फलाटावर आप्पांना विचारलं. आप्पांनी खोके मोजता मोजता मान वर केली.

"झाडाला थंडी? कंट्रोलर, बरं हाय ना तुमचं?"

"दोन महिने. एक कोपरा. पान नाही, फूल नाही, काही घाण करणार नाही."

आप्पा हसले. "आणा की. आमच्या खव्याला तेवढीच सोबत."

डिसेंबरात सगळी पानं गळाल्यावर आम्ही दोघं कुंडी घेऊन गेलो. बाबा समोरच्या दारानं गेले. पायरीपाशी क्षणभर थांबले, चपला काढल्या, त्या नीट जोडून ठेवल्या आणि आत गेले. मला वाटलं होतं त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसेल. त्यांनी फक्त विचारलं, "थर्मामीटर कुठं आहे?"

त्या खोलीचा मला पहिल्याच दिवशी लळा लागला. जाड दार, ते ओढायची लोखंडी दांडी, आत प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा आणि त्यापलीकडं पिवळसर खव्याचे गोळे ओळीनं ताटांत बसलेले. दुधाचा, धुराचा, किंचित करपल्याचा वास थंडीत गोठून राहिलेला. कोपऱ्यात आमचा मेपल, चार काड्या आणि एक गाठ. दर रविवारी मी अर्धा पेला पाणी घालायला जायचे आणि उगाचच दहा मिनिटं थांबायचे. यंत्र कसं सुरू होतं, कधी बंद होतं, दाराचं रबर एका कोपऱ्यात फाटल्यामुळं तिथंच बर्फ कसा धरतो, हे मला तिथं कळलं. मी आप्पांना रबर दाखवलं, त्यांनी बदलून घेतलं. पुढं मी शीतकरणाचा डिप्लोमा केला आणि नोकरीभर थंड खोल्यांची दारं तपासली. बाबा शेवटपर्यंत लोकांना सांगायचे, "तहसीलदारच होणार होती, पण मधी झाड आलं."

जानेवारीच्या मध्यावर आप्पा स्टँडवर आले. खोके नव्हते, तरी आले. मी बाबांचा डबा घेऊन तिथंच होते.

"कंट्रोलर, ते झाड जरा... तपासणीवाले येणार म्हणत्यात. खव्यापाशी माती चालत न्हाय त्यांना."

बाबा म्हणाले, "बरोबर आहे. मातीचा वास खव्याला लागतो."

"तसंच. मला काय, पण अव्वा मागं लागलीय."

"अव्वांचंही बरोबर आहे. उद्या नेतो."

आप्पा सुटल्यासारखे निघून गेले. बाबांनी ध्वनिक्षेपकावर जामखेडच्या गाडीची घोषणा केली, स्पष्ट आणि खणखणीत, एकही शब्द न अडखळता. मला संताप आला. तपासणीवाले कुणी येणार नव्हते हे त्या फलाटावरच्या कुत्र्यालाही समजलं असतं. मी डबा तिथंच ठेवला आणि थेट आप्पांच्या घरी गेले.

अव्वा म्हणजे आप्पांची आई. माहेर अक्कलकोटकडचं, बोलणं निम्मं कानडी. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीतलं लिंग. त्या भट्टीसमोरच्या ओट्यावर बसून बायकांवर लक्ष ठेवत होत्या. कढईत खवा आटत होता, उलथन्याचा खरखर आवाज चालू होता.

"अव्वा, झाड का काढायला सांगितलं?" मी नमस्कारही केला नाही.

त्यांनी मला खालपासून वर बघितलं. "कोण गं तू?"

"कंट्रोलरची मुलगी."

"म्हंजी गंगूची नात." त्यांनी डोळे बारीक केले. "तिच्यावानीच उभी ऱ्हायलीस. कमरंवर हात ठिवून."

मी हात खाली घेतले. "आमचं झाड आत का नको?"

"वाळलेलं हाय ते. दुभत्याच्या घरात मेलेलं झाड ठिवत्यात व्हय कुणी? दोन गाई आटल्या आमच्या या महिन्यात."

मी दुसऱ्या उत्तराची तयारी करून आले होते, या उत्तराची नाही. आणि हे उत्तर खरं होतं की तपासणीवाल्यांसारखंच होतं, हे मला त्या चेहऱ्यावरून कळेना. मी म्हणाले, "मेलेलं न्हाय. झोपलंय. दाखवू का?"

त्या काठी टेकत माझ्याबरोबर आल्या. थंड खोलीच्या दारात त्यांनी पदर घट्ट ओढून घेतला. मी कुंडी पट्ट्यांच्या बाहेर उजेडात आणली. आता एक गोष्ट इथं कबूल केली पाहिजे. आदल्याच रविवारी मी वरच्या फांद्यांची साल खरवडून पाहिली होती. सगळीकडं तपकिरी. कोरडी. म्हणून अव्वांसमोर मी नख गाठीच्या खाली लावलं, बुडाशी. सालीचा बारीक पापुद्रा निघाला आणि खाली ओला, पोपटी रंग दिसला.

अव्वा वाकल्या. चष्मा पुढं ओढला. मग त्यांनी स्वतःचं बोट तिथं लावलं, ओलसर लागलं म्हणून ते अंगठ्याशी चोळून पाहिलं.

"जित्तं हाय की गं."

"मी तेच सांगत होते."

"मग ऱ्हाऊ दे." त्या माघारी वळल्या आणि भट्टीवरच्या बाईला म्हणाल्या, "हिला खवा दे." बाईनं गरम खव्याचा गोळा स्टीलच्या वाटीत घालून माझ्या हातात दिला. वाटी घरातलीच होती, खाली आप्पांच्या वडिलांचं नाव कोरलेली. मी तिथंच ओट्यावर बसून खाल्ला. जीभ भाजली.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं, साल कुठली खरवडली तेवढं सोडून. ते भाकरी कुस्करत ऐकत होते.

मी विचारलं, "बाबा, खरं काय असेल? झाड वाळलेलं म्हणून, का आपलं म्हणून?"

"दोन्ही असंल," ते म्हणाले. "माणसाला एकाच वेळी दोन कारणं असू शकतात. बोलायला एक लागतं."

इतकी वर्षं झाली, माझ्याकडं याहून चांगलं उत्तर नाही.

फेब्रुवारीत झाड घरी आणलं आणि पंधरा दिवसांत ते फुटलं. गाठीच्या खालून. तीन जोमदार फुटवे, हिरवेगार. वहीच्या पानावर खुडा म्हणून लिहिलेलं होतं. मी खुडले नाहीत, कारण खुडले असते तर कुंडीत फक्त काड्या उरल्या असत्या. बाबांनी ते फुटवे पाहिले आणि म्हणाले, "आलं की." लोक बघायला आले. बाबा सांगायचे, "लाल नंतर होतं." मी मान डोलवायचे. आई आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघायची. पावसाळा गेला, दिवाळी गेली, झाड हिरवंच राहिलं आणि चांगलं दोन हात वाढलं.

एकदा स्टँडवर गाडी चुकलेला एक द्राक्षबागाईतदार पाणी प्यायला घरी आला. त्यानं ओसरीत वाकून बुड पाहिलं आणि सहज म्हणाला, "कंट्रोलर, तुमचं कलम मेलंय. हा खुंट वाढलाय. आमच्या बागेत असं झालं की आमी उपटून टाकतो."

तो गेल्यावर मी बाबांना म्हणाले, "मला माहीत होतं. जानेवारीपासून."

बाबा म्हणाले, "मलाबी. डिसेंबरातच, कोल्डमध्ये ठेवायच्या आधी खरवडून बघितलं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "आणि मला वाटत हुतं, तुमा दोघांना कळंना झालंय म्हणून मीच बोलत न्हवते."

आम्ही ते उपटलं नाही. दुसऱ्या डिसेंबरात ते पुन्हा समोरच्या दारानं आप्पांच्या थंड खोलीत गेलं, या वेळी कुणी तपासणीवाल्यांचं नाव काढलं नाही. खुंट काटक होता, पण पुढचा उन्हाळा त्यालाही झेपला नाही. टँकर तीन आठवडे आला नाही, जारवालाही बंद झाला. बाबांनी मेच्या शेवटी खालपासून वरपर्यंत साल खरवडून पाहिली. कुठंच हिरवं नव्हतं. त्यांनी कुंडी धुऊन उन्हात पालथी ठेवली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आप्पा खोके घेऊन स्टँडवर आले आणि जाता जाता म्हणाले, "कंट्रोलर, अव्वा विचारायलीय. झाड अजून कसं आणलं न्हाय? कोपरा मोकळा करून ठिवलाय म्हणली."

बाबा म्हणाले, "आणतो. दोन-चार दिवसांत."

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. "झाड कुठंय आणायला?"

"पुण्याला जाऊन येतो. रजा टाकलीय."

"आणि ते तरी जगंल व्हय इथं?"

"नाही जगणार," बाबा म्हणाले.

आईनं त्यांच्याकडं बघितलं. मग तिला कळलं. मला कळायला थोडा वेळ लागला.

"म्हंजी एस्टीच्या खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरत्यात, तसं हाय हे," ती म्हणाली.

"तसंच," बाबा म्हणाले. "माझ्या आईला उभ्यानं प्रवास झाला."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं ते गेले. नर्सरीवाल्यानं म्हणे त्यांना ओळखलं आणि यावेळी बोगनवेलीचं नावही काढलं नाही. बाबा आणखी लहान रोप घेऊन आले, वीतभर, एकही पान नसलेलं. त्यांनी ते घरात आणलंच नाही. गाडीतून उतरले ते कुंडी घेऊन तसेच आप्पांकडं गेले. मी स्टँडवर त्यांची वाट बघत होते, मीही मागोमाग गेले. अव्वा ओट्यावर होत्या. त्यांनी चष्मा पुढं ओढून कुंडीकडं बघितलं, मग बाबांकडं, मग परत कुंडीकडं. हे ते झाड नव्हे, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"लई बारीक झालं गं हे," त्या मला म्हणाल्या.

"प्रवासात थकलंय," मी म्हणाले.

"व्हय," अव्वा म्हणाल्या, आणि काठीनं त्यांनी आतला कोपरा दाखवला.